काउन्सिलरचे वर्तन आणि फेटाळलेला अर्ज : तक्रार वेगळी, अपील वेगळे

घरामागच्या एक्स्टेन्शनचा तुमचा अर्ज मंजूर करावा, अशी प्लॅनिंग ऑफिसरची (अर्ज तपासणाऱ्या काउन्सिलच्या अधिकाऱ्याची) शिफारस असतानाही काउन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीने तो फेटाळला आणि चर्चेत एका काउन्सिलरने (निवडून आलेल्या सदस्याने) ‘या लोकांच्या घरात किती माणसे राहतात, कोणास ठाऊक’ असे उद्गार काढले, असे तुम्ही लिहिले आहे. वाचून फार वाईट वाटले. इंग्लंडमध्ये आमच्याही अर्जाच्या वेळी असाच प्रसंग आला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काउन्सिलरविरुद्धची तक्रार पूर्णपणे मान्य झाली, तरी तेवढ्याने नकार रद्द होत नाही. त्यासाठी प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे (अशी अपिले ऐकणाऱ्या सरकारी संस्थेकडे) अपील करावे लागते आणि राहत्या घराच्या अशा अर्जासाठी त्याची मुदत निर्णयपत्रावरील तारखेपासून 12 आठवडे असते. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबलात, तर ही मुदत हातची जाईल. अपिलात त्या काउन्सिलरच्या स्वभावाविषयी एक ओळही लिहू नका, कारण इन्स्पेक्टर लोकल प्लॅन (त्या भागातील बांधकामाचा अधिकृत आराखडा), शेजाऱ्याच्या खिडकीत येणारा उजेड, बांधकामाची उंची आणि खोली यांवरच नव्याने निर्णय देतो. तुमच्या हातातला सर्वांत भक्कम कागद म्हणजे ऑफिसरचा अहवाल. कमिटीला त्याच्या विरोधात जाण्याचा अधिकार आहे, पण तिने दिलेली कारणे मोघम असतील आणि त्यांना पुराव्याचा आधार नसेल, तर अपिलासोबतच काउन्सिलकडून अपिलाच्या खर्चाचीही मागणी करता येते.

वर्तनाची तक्रार काउन्सिलच्या मॉनिटरिंग ऑफिसरकडे (सदस्यांच्या वर्तनाच्या तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे) करायची असते. लोकॅलिझम ॲक्ट 2011 नुसार प्रत्येक काउन्सिलला सदस्यांसाठी आचारसंहिता ठेवावी लागते आणि चौकशी झाल्यास निर्णयापूर्वी एका स्वतंत्र व्यक्तीचे मत विचारात घ्यावे लागते. इथे मी स्वतः एक चूक केली होती. आमच्या काउन्सिलरने सभेच्या आधीच शेजाऱ्यांना ‘मी याच्या विरोधात आहे’ असे सांगितले होते आणि माझ्या चार पानी पत्राचा पहिला मुद्दा तोच होता. त्याच कायद्याच्या कलम 25 प्रमाणे, आधी मत व्यक्त केले एवढ्यावरून सदस्याने निर्णय आधीच ठरवून टाकला होता असे धरले जात नाही, त्यामुळे ते पत्र टिकले नाही. दुसरे पत्र एका पानाचे होते आणि त्यात केवळ सभेत उच्चारलेले शब्द होते.

ते शब्द हाताशी होते ते माझ्या पत्नीमुळे. मला बोलायला तीन मिनिटे मिळाली होती आणि माझे बोलणे चालू असतानाच तो सदस्य शेजारच्याकडे वळून म्हणाला, ‘यांना इथले नियम कोणीतरी समजावून सांगा.’ माइक चालू होता. सभा संपल्यावर कार पार्कमध्ये, गाडीतला दिवा लावून तिने ते वाक्य एका पाकिटाच्या मागे वेळेसह लिहून ठेवले. सभेच्या इतिवृत्तात बहुधा ठराव आणि मतदान एवढेच येते, कोण कोणाला काय म्हणाले ते येत नाही. आमच्या बाबतीत पाकिटावरची वेळ आणि वेबकास्ट (सभेचे ऑनलाइन चित्रण) यांचा मेळ बसला आणि त्यावरच तक्रार उभी राहिली.

आम्हाला लेखी माफी मिळाली. याहून मोठ्या शिक्षेची अपेक्षा धरू नका, कारण 2011 च्या कायद्याने सदस्याला निलंबित करण्याचा काउन्सिलचा अधिकार काढून घेतला. तरीही तक्रार अवश्य करा, कारण तुमच्या कुटुंबाविषयी भर सभेत काढलेले असे उद्गार नोंदीविना राहता कामा नयेत. अपील मात्र आम्ही उजेडाच्या मोजमापांवर जिंकलो. त्या निकालपत्रात माफीचा उल्लेखही नव्हता.

तुमच्या सभेचे रेकॉर्डिंग असेल, तर त्याची प्रत आजच लेखी मागा. काही काउन्सिल ठरावीक काळानंतर ते काढून टाकतात.