वाचक विचारतात : वेब पान बनवायचंय, पण कोड नको

प्रश्न : पापाच्या तिकटीजवळ आमचे चपलांचे दुकान आहे. कापशीचे, पायताणांचे फोटो, भाव, पत्ता अशी पाच-सहा पानांची वेबसाइट घरीच करायची आहे. कोड येत नाही. विंडोज १०, ८ जीबी रॅम. कुणी ड्रीमवीव्हर सांगतो, भाचा म्हणतो कॉम्पोझर फुकट आहे. काय घ्यावे?
– एक दुकानदार, कोल्हापूर

उत्तर : भाच्याचे ऐकू नका. कॉम्पोझर फुकट आहे, उघडतेही; पण त्याची शेवटची पक्की आवृत्ती २००७ ची, आणि त्यानंतरची बीटा (चाचणीची आवृत्ती) २०१० ची. मोबाइलच्या रुंदीप्रमाणे पान आवळायचे असते हे त्या सॉफ्टवेअरच्या गावीही नाही. असेच दुसरे फुकट सॉफ्टवेअर एक्स्प्रेशन वेब ४ : ते मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१२ मध्ये फुकट केले, ते काम थांबवतानाच. तुमचे गिऱ्हाईक महाद्वार रोडवर उभे राहून मोबाइलवर भाव बघणार, तेव्हा ही दोन्ही बाद.

ड्रीमवीव्हर दणकट आहे, पण त्याचे भाडे भरत राहावे लागते. सहा पानांसाठी ते म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

उरलेल्यांत दोन जाती आहेत. पाइनग्रोसारखी सॉफ्टवेअर खरी एचटीएमएल फाइल (वेब पानाची मूळ फाइल) उघडून तीच बदलतात. पाइनग्रो विकत घ्यावे लागते आणि थोडा कोड कळत असला तरच त्याची गोडी. मोबिराइज, रॉकेटकेक ही दुसरी जात : आपली वेगळी प्रकल्प-फाइल ठेवतात आणि तिच्यावरून पाने काढून देतात. संगणक बिघडून ती फाइल गेली, तर सर्व्हरवरची पाने हाताशी असूनही त्यांच्यात पुन्हा उघडता येत नाहीत. म्हणून प्रकल्प-फाइलची प्रत पेनड्राइव्हवर हवीच. मोबिराइजमध्ये कोडला हात लावण्याची सोय पैसे मोजून घ्यावी लागते, हेही आधी माहीत असू द्या.

तुम्ही रॉकेटकेकच्या फुकट आवृत्तीपासून सुरुवात करा, पण आधी अर्धा तास परीक्षा घ्या. एका पानावर मराठी परिच्छेद, एक फोटो आणि भावांचा तक्ता टाका. पान फोल्डरमध्ये काढा, क्रोममध्ये उघडा, एफ १२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम दाबा, रुंदी ३६० करा. पान आडवे सरकवावे लागले तर मांडणी चुकली. बहुतेक वेळा दोष आपलाच असतो : मजकुराची चौकट माउसने ओढून हवी तिथे टाकली की ती त्या जागी पिक्सेलमध्ये खिळली जाते. चौकटी एकाखाली एक ठेवा, रुंदी टक्क्यांत द्या. मग तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. वरच्या भागात यूटीएफ-८ (अक्षरे साठवण्याची पद्धत) आणि व्ह्यूपोर्ट (पान पडद्याच्या रुंदीप्रमाणे दाखवण्याची सूचना) हे शब्द रोमन लिपीत सापडले पाहिजेत आणि मराठी मजकूर मराठीतच वाचता आला पाहिजे.

फोटो लहान करण्याचे काम मात्र कुठलेही सॉफ्टवेअर तुमच्यासाठी करेलच असे नाही. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० चा, तीन-चार एमबीचा असतो. कोपरा धरून तो पानावर लहान केला तरी बहुतेक ठिकाणी नुसता दिसतो लहान. फाइल तेवढीच राहते. आधी पेंटमध्ये रुंदी १२०० पिक्सेल करून जेपीजी साठवा, मगच पानावर घ्या. चपलेची वीण दिसायला तेवढी रुंदी पुरते.

प्रश्न : घरच्या संगणकावर पान झकास दिसते. सर्व्हरवर चढवले की निम्मे फोटो गायब आणि मराठीचा चिवडा होतो. सॉफ्टवेअर बदलू का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : बदलू नका, नव्यातही हेच होईल.

सगळे पान साठवण्याआधीच फोटो घातले, तर काही सॉफ्टवेअर त्यांचा पत्ता सी ड्राइव्हवरचा लिहून ठेवतात. तो तुमच्याच संगणकावर लागू पडतो. आधी एक फोल्डर करा, पान त्यात साठवा, फोटो त्याच फोल्डरात आणा, मगच पानावर घाला. दुसरे कारण नावांचे. विंडोजला कॅपिटल आणि लहान अक्षर सारखेच, लिनक्सच्या सर्व्हरला नाही. कॅमेऱ्याने फाइलच्या नावाच्या शेवटी जेपीजी कॅपिटलमध्ये लिहिले आणि पानात ते लहान असले की फोटो गेला. सगळी नावे लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा.

मराठीचा चिवडा कसा दिसतो ते नीट बघा, औषध त्यावर ठरते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए (à) पुन्हा पुन्हा येत असेल तर मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे. ब्राउझर तो एकेक बाइट सुटे अक्षर समजून वाचतो आहे. कॅरेक्टर सेटची (अक्षरे कोणत्या पद्धतीने वाचायची ते सांगणारी) ओळ हेडच्या, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या भागाच्या, अगदी वर, पहिल्या १०२४ बाइटांत आणा. तरीही तसेच राहिले तर सर्व्हरच वेगळा कॅरेक्टर सेट सांगतो आहे; होस्टिंगवाल्याला (सर्व्हरवर जागा देणाऱ्याला) तो बदलायला सांगा. नुसती प्रश्नचिन्हे दिसत असतील तर साठवतानाच अक्षरे गेली; सेटिंग यूटीएफ-८ करून मजकूर पुन्हा घालावा लागेल. आणि छापखान्यातून आणलेला मजकूर फक्त तुमच्याच संगणकावर नीट दिसत असेल, तर तो जुन्या फॉन्टमधला आहे. युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या.

प्रश्न : उद्यमनगरात आमचे लेथचे वर्कशॉप आहे. ऑफिसचा पीसी विंडोज ७, ४ जीबी. एकच पान हवे.
– एक वर्कशॉपवाला

उत्तर : बरीच नवी सॉफ्टवेअर क्रोमच्या पोटातल्या इंजिनावर चालतात आणि क्रोमने विंडोज ७ ला १०९ व्या आवृत्तीनंतर सोडले, म्हणून ती तुमच्याकडे बहुधा चालणार नाहीत. एका पानासाठी सीमंकी हा ब्राउझर टाका, त्यातला कंपोझर (वरच्या कॉम्पोझरहून वेगळा) पुरे. पहिल्यांदा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ करा. मशिनांची यादी साध्या, दोनच रकान्यांच्या तक्त्यात द्या. जास्त रकाने मोबाइलवर मावत नाहीत. व्ह्यूपोर्टची ओळ तो आपणहून घालत नाही, ती सोर्सच्या टॅबमध्ये जाऊन हेडमध्ये चिकटवावी लागते.