रिव्हर्स कॅमेरा बसवल्यापासून फ्यूज उडतो

प्रश्न : मी घरच्या घरी गाडीला रिव्हर्स कॅमेरा बसवला आणि त्याचा वीजपुरवठा डिकीजवळच्या रिव्हर्स दिव्याच्या वायरमधून घेतला. सुरुवातीला सारे ठीक चालले. आता मात्र रिव्हर्स गिअर टाकताच 10 अँपिअरचा फ्यूज उडतो. मित्राच्या सांगण्यावरून 20 अँपिअरचा लावला, तेव्हा जळका वास आला. वायर उंदरांनी कुरतडली असेल का?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : सर्वप्रथम तो 20 अँपिअरचा फ्यूज काढून टाका. फ्यूज वायरच्या रक्षणासाठी असतो. तो क्षमतेपेक्षा मोठा बसवला, तर फ्यूज उडण्याआधी वायरच तापून जळते आणि गाडीला आग लागू शकते.

सुगीनंतर सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर शिरतात, हे खरे आहे. तरीही दोष आपल्या कामानंतरच आला असल्याने तपासणी तिथूनच सुरू करावी. फ्यूज केवळ रिव्हर्स टाकल्यावरच उडतो, ही आपण दिलेली माहिती फार मोलाची आहे. त्यावरून फ्यूजपासून गिअरबॉक्सवरील रिव्हर्स स्विचपर्यंतची वायर शाबूत असून दोष स्विचच्या पुढे, म्हणजे मागचा दिवा आणि कॅमेरा यांच्या बाजूला आहे, असे दिसते.

माझा पहिला संशय जोडावर आहे. वायर नुसत्या पिळून त्यांवर टेप गुंडाळली असेल, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडी तापून टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते आणि उघडी तांब्याची तार बॉडीला टेकते. बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असल्यामुळे तेवढ्याने शॉर्ट होतो. दुसरी जागा डिकीच्या बिजागरीजवळची : दार उघडता-मिटता तिथे वायर दुमडते, आणि रबरी बूच न लावता ती छिद्रातून ओढली असेल, तर पत्र्याची कड तिचे आवरण कापते.

नेमकी जागा शोधण्यासाठी फ्यूज वाया घालवू नका. 12 व्होल्ट, 21 वॅटचा साधा बल्ब (एलईडी नव्हे) होल्डरसह घेऊन त्याच्या दोन वायर फ्यूजच्या जागी जोडा. रिव्हर्स दिव्याचे बल्ब काढा, कॅमेऱ्याचा प्लग सोडवा, चाकांना दगड लावा आणि इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवून रिव्हर्स टाका. बल्ब पूर्ण प्रकाशाने पेटला, तर शॉर्ट वायरमध्येच आहे. बल्बमुळे प्रवाह सुमारे पावणेदोन अँपिअरवरच थांबतो, त्यामुळे वायर तापत नाही. आता जोड आणि बिजागरीजवळची वायर हळूहळू हलवत जा. जिथे बल्ब विझेल, तिथेच दोष आहे. बल्ब मुळात पेटलाच नाही, तर कॅमेरा आणि दिव्याचे बल्ब एकेक करून पुन्हा जोडून पाहा. दिव्याचे बल्ब लावल्यावर तो फिकट पेटणे स्वाभाविक आहे.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडा. जोडाला सोल्डर करून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा आणि कॅमेऱ्यासाठी 1 अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घाला. जळका वास आला होता, म्हणून ती वायर सबंध लांबीभर बोटांनी चाचपा. जिथे आवरण कडक झाले असेल किंवा त्यावर फोड दिसतील, तेवढा भाग टेपने न झाकता बदलूनच घ्या. मात्र पिवळ्या आवरणातील वायरना हात लावू नका. त्या बहुधा एअरबॅगच्या असतात आणि ते काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनवरच सोपवावे.