मार एका पायाला, मग दुसरा का वाळला?

प्रश्न: डॉक्टर, माझा २८ वर्षांचा भाऊ कुर्ल्याला लोकलमधून पडला, उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन आता घरी आलाय पण ज्या पायाला काहीच लागलं नाही तोसुद्धा पार काडी झालाय. आयसीयूत शुगर वाढली म्हणून इन्सुलिन दिलं, घरात कुणालाच डायबिटीस नाही. आई रोज पाया सूप देते, शेजारचे म्हणतात कॅल्शियम डबल करा. करू का?
— एक बहीण, घाटकोपर

उत्तर: ताई, डबल अजिबात नको. माणूस पडून राहिला की हाडातलंच कॅल्शियम सुटून लघवीत जातं, त्यात वरून जास्तीच्या गोळ्या घेतल्या तर मुतखडा व्हायचा. लिहून दिलीय तेवढीच द्या.

चांगल्या पायाकडे तुमचं लक्ष गेलं हे फार बरं झालं, खरी गोष्ट तिथेच आहे. १९३० च्या सुमारास ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन या संशोधकांनी हाड मोडलेल्या पेशंट्सची लघवी तपासली, तर नायट्रोजन (स्नायूतलं प्रोटीन मोडलं की तो लघवीत जातो), सल्फर, फॉस्फरस इतकं बाहेर पडत होतं की नुसत्या मार लागलेल्या जागेतून एवढं येणं शक्यच नव्हतं, म्हणजे अख्ख्या अंगातला स्नायू झिजत होता. मोठा मार बसला की पहिले एक-दोन दिवस शरीर थंडावतं, मग कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन हे ताणाचे हार्मोन चढतात आणि बेडवर नुसता पडलेला माणूससुद्धा नेहमीपेक्षा जास्त कॅलरी जाळतो, खूप भाजलेल्यांमध्ये तर जवळजवळ दुप्पट. स्नायू मोडून लिव्हर त्यातून साखर बनवतं, वर इन्सुलिनलाही शरीर नीट दाद देत नाही, म्हणून शुगर वाढली. तो डायबिटीसच असेल असं नाही, तरी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) एकदा करून घ्या. लघवीतून १ ग्रॅम नायट्रोजन गेला की साधारण ३० ग्रॅम स्नायू गेला असं धरतात, आणि त्याच्याबरोबर पोटॅशियम, मॅग्नेशियम, झिंकही जातं.

पाया सूप आवडत असेल तर द्या, पण त्यात कॅल्शियम फारसं नसतं, आणि सूपानेच पोट भरून तो जेवत नसेल तर मला त्याचीच जास्त काळजी वाटते. किडनी ठीक असेल तर ६० किलोच्या माणसाला अशा वेळी दिवसाला ८०-९० ग्रॅम प्रोटीन द्यायचा प्रयत्न करावा. एका अंड्यात ६ ग्रॅम, वाटीभर वरणात साधारण तेवढंच, म्हणजे नुसत्या वरणभातावर भागत नाही, सकाळी अंडी, दुपारी बांगडा नाहीतर चिकन, रात्री पनीर किंवा उसळ असं हवंच. आणि फिजिओ चुकवू नका, नुसतं खाऊन स्नायू भरत नाही.

एक मात्र सांभाळा. बरेच दिवस त्याच्या पोटात नीट काही गेलंच नसेल तर एकदम भरपूर खायला घालू नका, रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं आणि हृदयाला त्रास होऊ शकतो, अशा वेळी डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवा. फॉलोअपला फॉस्फेट, मॅग्नेशियम मुद्दाम सांगून तपासून घ्या, नेहमीच्या टेस्टमध्ये ते दोन बहुतेक वेळा नसतात.