मायफळ नक्की कुठल्या झाडाचं फळ?

बाळगुटीच्या सामानातलं मायफळ हे कशाचं फळ, आणि त्यातली 'माय' म्हणजे आईच ना, असा प्रश्न आलाय. खूप आवडला, कारण ह्या शब्दातले दोन्ही तुकडे फसवतात.

आधी फळ. ते फळ नाहीच, गाठ आहे. तुर्कस्तान, सीरिया, इराक, इराण ह्या पट्ट्यात क्वेर्कस इन्फेक्टोरिया नावाचा ठेंगणा ओक वाढतो, त्याच्या डोळ्यात (म्हणजे फुटू पाहणाऱ्या कोंबात) एक पिटुकली माशी अंडं घालते, गांधीलमाशीच्या लांबच्या नात्यातली, आणि मग झाड त्या अळीभोवती स्वतःचाच टणक गोळा वाढवत जातं, अळी आत बसून तोच खाते आणि मोठी झाली की भोक पाडून उडून जाते. माशीचं नाव अँड्रिकस गॅलीटिंक्टोरी, त्यातला दुसरा शब्द 1791 मध्ये ऑलिव्हिए ह्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञानं दिलेला, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच 'रंगाऱ्यांच्या गाठी'. टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असल्यामुळे हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून ह्याच गाठींची काळी शाई करायचे. माशी उडायच्या आधी काढलेली गाठ जड, हिरवट-निळसर आणि जास्त तुरट, तीच चांगली समजतात. भोकवाली फिकी आणि हलकी. ओकचं खरं फळ वेगळंच, खाली टोपी असलेलं एकॉर्न.

आता माय. संस्कृतात मायाफल आहे, त्यातला मधला 'आ' गळून आपलं मायफळ झालं, तेव्हा आईचा संबंध नाही. गुटी आई उगाळते म्हणून 'माय' हे ऐकायला गोड वाटतं पण ते मागाहून जोडलेलं. फारसीत ह्याला माझू म्हणतात, हिंदीतलं माजूफल त्यावरूनच. सह्याद्रीत ओक नाही, माल पश्चिमेकडूनच यायचा, त्यामुळे मला तर मायाफल हे माझूलाच चढवलेलं संस्कृत रूप वाटतं.

जायफळाशी गल्लत करू नका. ते वेगळ्या झाडाचं आणि खरं तर बी आहे.

आणि गुटीतली काकडशिंगी! तीपण शेंग नाही, शिंगही नाही, हिमालयातल्या पिस्त्याच्या भाऊबंद झाडावरची गाठच, फक्त ती माशीऐवजी मावा नावाचा कीटक करतो. मुरडशेंग मात्र खरोखरचं फळ.