मूठ बदलताना आधी करंगळी बघ

भाऊ, तुझी निर्भीक रिव्हॉल्व्हर .३२ बोअरची, जेमतेम ५०० ग्रॅमची. हलकी, म्हणूनच धक्का तळहातात बसतो. नवी मूठ घेताना आधी करंगळी बघ. ती खाली लोंबकळली तर पकड पक्की होत नाही. ट्रिगर गार्डमागची, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कड्यामागची पोकळीही भरलेली हवी, नाहीतर मधल्या बोटाचं पेर सोलतं. माझं चांगलंच सोललं होतं. रबर हाताला मऊ, पण सदरा त्याला चिकटतो आणि मूठ बाहेरून उठून दिसते. गुळगुळीत लाकूड जळगावच्या मे महिन्यात घामाने सटकतं, म्हणून मी बारीक खाचांचं शिसवी घेतलं.  आणि मुठीचा स्क्रू खोलण्याआधी रिव्हॉल्व्हर उघडून सिलिंडरची सहाही घरं रिकामी आहेत ना, ते बोटाने चाचप.