तीन 'च' आणि एक कागद

"ताई, डॉक्टर नक्की काही सांगतच नाहीत हो."

हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर आठवड्याला कुणी ना कुणी म्हणतं. कुणाच्या वडिलांचा ट्यूमर, कुणाच्या सासूबाईंच्या हृदयाची झडप. ऑपरेशन ठरतं आणि तिथपासून सगळं घर श्वास रोखून बसतं. म्हणून ही एक केस, ओळख पुसून सांगते.

तो अडतिशीतला. आईची बायपास ठरलेली, पण साखर आटोक्यात येईना म्हणून तारीख दोनदा पुढे गेली. रात्री दोनपर्यंत हा मोबाइलवर मृत्युदराचे आकडे वाचायचा, मग आईच्या दाराशी उभा राहून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचा.

पहिल्या भेटींत मी ऐकूनच घेतलं. चौथ्या भेटीत तो वैतागला. "ऑपरेशन यशस्वी झालंच पाहिजे. आणि होणार की नाही, ते मला आत्ताच कळलंच पाहिजे!"

मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. "यातले 'च' खोडा."

तीन निघाले. खोडून त्यानं वाक्य पुन्हा वाचलं, जरा हळू. "आणि नाही कळलं तर?"

"तर काय कराल?"

"काय करणार? वाट बघेन."

"आत्ता काय करताय?"

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. इच्छा असणं वेगळं आणि हट्ट धरणं वेगळं, हे तिचं एक मुख्य सूत्र. मी ते वर्षानुवर्षं आकृत्या काढून समजावत आले. मराठीत ते एका अक्षरात मावतं, हे त्या दिवशी उमगलं. थोडी खूश झाले, कबूल करते.

पण नुसता 'च' खोडून रात्र सरत नाही, हाताला काम लागतं. इंटरनेटवरचा आकडा सरसकट सगळ्यांचा असतो. सर्जन वय, साखर, मूत्रपिंडं, हृदयाची पंपिंगची ताकद पाहून धोका ठरवतात. तेव्हा "माझ्या आईला धोका किती?" हे त्यांनाच विचारा. रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची, बायपाससाठी पायातली शीर घेणार का, हेही वहीत लिहून न्या. नातेवाइकांचे फोन एकानंच घ्यावेत. आणि पेशंटला "छोटंसंच ऑपरेशन आहे" असं सांगू नका. यानं सांगितलं होतं. आई म्हणाली, "छाती उघडतात, माहितीये मला. तू घाबरशील म्हणून गप्प होते."

त्यानंतर मायलेक संध्याकाळी श्वासाच्या व्यायामाला एकत्र बसू लागले. तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र असतं ना, नळीतून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या, तेच.

ॲडमिट व्हायच्या आदल्या रात्री त्याचा मेसेज आला : "आईनं आज तिसरी गोळी उचलली. दोन सेकंद. मी मोजले."