वाचकांचे प्रश्न : समान ख्रिस्ती वारसा आणि शेजारी देशांचे सख्य

प्रश्न : रविवारच्या उपासनेत आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितले की, दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील देश एकत्र आले ते त्यांच्या समान ख्रिस्ती वारशामुळे. मी अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे. दोन्ही महायुद्धांत एकमेकांवर तोफा डागणारे बहुतेक देश ख्रिस्तीच होते. मग समान धर्मवारसा शेजारी देशांना खरोखर जोडतो काय? (एक निवृत्त शिक्षक, जालना)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि पाळकसाहेबांचे म्हणणेही निराधार नाही. आपल्याच गोदाकाठचे पाहा. नाशिक-नगरकडचा माणूस आणि मराठवाड्यातला माणूस एकाच ज्ञानोबा-एकनाथांच्या ओव्या म्हणतो. तरीही वरच्या धरणांतून जायकवाडीत किती पाणी सोडायचे, हा तंटा त्या ओव्यांनी मिटत नाही, त्यासाठी २००५ च्या कायद्यातील समन्यायी पाणीवाटपाच्या तरतुदीचाच आधार घ्यावा लागतो. वारशाचे काम याहून वेगळे आहे असे मला वाटते. दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला मध्यस्थ आणि दोघांनाही समजणारी क्षमेची भाषा तो पुरवतो. मात्र त्या भाषेत पहिला शब्द उच्चारण्याची जोखीम कोणीतरी पत्करावी लागते.

अशी जोखीम पोलंडच्या बिशपांनी १८ नोव्हेंबर १९६५ रोजी घेतली. ९६६ साली पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्या घटनेच्या सहस्राब्दीचे निमंत्रण त्यांनी जर्मन बिशपांना पाठवले आणि त्या पत्रात लिहिले की, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतो. जर्मनीच्या आक्रमणात आणि त्यानंतरच्या ताब्यात पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मारले गेले होते, आणि त्यांतले जवळजवळ निम्मे ज्यू होते. ‘क्षमा करतो’ हे म्हणणेच कठीण होते, मग ‘क्षमा मागतो’ हे कित्येक पोलिश माणसांच्या जिव्हारी लागले असल्यास नवल नाही. परंतु युद्धानंतर सीमा पश्चिमेकडे सरकली तेव्हा लक्षावधी जर्मनांना घरेदारे सोडावी लागली होती, आणि त्यांचे दुःखही पत्राने नाकारले नाही. कम्युनिस्ट सरकारने या बिशपांविरुद्ध प्रचाराची मोहीम उघडली. जर्मन बिशपांचे उत्तरही पुष्कळ जपून लिहिलेले होते. पश्चिम जर्मनी आणि पोलंड यांच्यात संबंध सुरळीत करणारा करार व्हायला डिसेंबर १९७० उजाडला.

त्या पत्रावर क्रॅकोचे आर्चबिशप कारोल वोयतिला यांचीही सही होती. तेच ऑक्टोबर १९७८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल झाले, आणि दोनच महिन्यांत शेजाऱ्यांचा असाच एक तंटा त्यांच्यापुढे आला. मला हा धागा फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी बीगल खाडीच्या तोंडावर पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा ही तीन बेटे आहेत. त्यांवर चिली आणि अर्जेंटिना दोघेही हक्क सांगत होते. १९७७ मध्ये लवादाने बेटे चिलीला दिली, पण पुढच्याच वर्षी अर्जेंटिनाने तो निवाडा फेटाळला. दोन्ही देशांत लष्करी राजवटी होत्या, दोन्ही देश बहुसंख्येने कॅथलिक आणि स्पॅनिश बोलणारे होते, आणि डिसेंबर १९७८ मध्ये दोघांची सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी होती. याच दोन देशांनी १९०४ मध्ये आंडीज पर्वतात, ३,८०० मीटरहून अधिक उंचीवरील खिंडीत, आपला जुना सीमावाद मिटल्याची खूण म्हणून ख्रिस्ताची ब्राँझची मूर्ती उभारली होती. ती मूर्ती जागेवरच होती, तरी युद्ध काही तासांवर आले होते.

पोपनी कार्डिनल अँतोनियो सामोरे यांना पाठवले. दोन्ही राजधान्यांत येरझारा घालून त्यांनी ८ जानेवारी १९७९ रोजी मॉन्टेव्हिडिओ येथे दोन्ही सरकारांच्या सह्या घेतल्या : बळाचा वापर करायचा नाही आणि पोपची मध्यस्थी मागायची. लवादाचा निवाडा झुगारणाऱ्या सरकारला पोपचा शब्द मात्र सहज डावलता आला नाही, कारण तो त्याच्या स्वतःच्या जनतेच्या श्रद्धेचा विषय होता. तरी पुढे सहा वर्षे गेली. १९८० मधील पोपचा प्रस्ताव चिलीने मान्य केला, अर्जेंटिनाने लांबवला. १९८२ मध्ये फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाचा पराभव झाला, १९८३ मध्ये तेथे लोकशाही आली, राष्ट्राध्यक्ष आल्फोन्सिन यांनी लोकांचा कौल घेतला आणि ८० टक्क्यांहून अधिक मतदारांनी होकार दिला. २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये करार झाला. बेटे चिलीकडे राहिली आणि अटलांटिक बाजूच्या समुद्रावरील अर्जेंटिनाचा हक्क जपला गेला. तेव्हा सगळे श्रेय धर्माला देणे बरोबर होणार नाही. परंतु लोकशाही येईपर्यंत बंदुका शांत ठेवण्याचे काम त्या मध्यस्थीने केले, आणि ते मी लहान मानत नाही. कार्डिनल सामोरे १९८३ मध्येच वारले. दोन्ही देशांना जोडणाऱ्या एका खिंडीला आज त्यांचे नाव आहे.

प्रश्न : युरोपीय संघाच्या जनकांपैकी बरेच जण कॅथलिक होते, तरी संघाच्या करारात ख्रिस्ती धर्माचे नाव नाही. असे का? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : फ्रान्सचे रोबेर शूमन, जर्मनीचे कोनराड आडेनाउअर आणि इटलीचे आल्चिदे दे गास्पेरी हे तिघेही श्रद्धावान कॅथलिक होते. शूमन यांचा जन्म लक्झेंबर्गचा आणि पहिल्या महायुद्धापर्यंत ते जर्मन नागरिक होते. दे गास्पेरी तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत बसले होते. तिघेही आपसांत जर्मन बोलू शकत, आणि त्यांच्यातील विश्वासाला श्रद्धेइतकाच हा सीमाभागातला अनुभवही कारण होता. पण ९ मे १९५० च्या घोषणेत शूमन यांनी जे मांडले ते प्रवचन नव्हते : युद्धाला लागणारा कोळसा आणि पोलाद एका सामाईक अधिकाराखाली आणायचे.

करारातील उल्लेखाबद्दल मोठा वाद झाला. पोलंड आणि इटली यांना ख्रिस्ती वारशाचा स्पष्ट उल्लेख हवा होता, तर धर्मनिरपेक्षतेबाबत आग्रही असलेल्या फ्रान्सचा त्याला विरोध होता. अखेर २००७ च्या लिस्बन कराराने युरोपच्या ‘सांस्कृतिक, धार्मिक आणि मानवतावादी वारशाचा’ उल्लेख स्वीकारला. मला हे शब्द योग्य वाटतात, कारण ज्या भूमीवर ज्यूंचा संहार झाला आणि जेथे आज लक्षावधी मुस्लिम नागरिक राहतात, तेथील करारात त्यांनाही आपली जागा दिसायला हवी.